लोहासुराचा तिसरा घाव

“मेलो,” नाना म्हणाले आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं. “त्रेसष्टावा.”

“कशानं?” मी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. माझ्या हातात त्यांच्या उपम्याची बशी होती.

“तिसऱ्या घावानं. आणखी कशानं मरणार? पहिले दोन आता ओळखीचे झालेत. पाहुण्यासारखे येतात, आधी निरोप धाडून.”

आई आतून ओरडली, “सकाळी सकाळी मेलो मेलो काय लावलंय? शनिवार आहे आज.”

“मग काय म्हणू? कैलासवासी झालो?”

“काही म्हणू नका. उपमा खा.”

टीव्हीच्या पडद्यावर त्यांची तलवारवाली राखेत पालथी पडली होती आणि तिच्या डोक्याशी लोहासुर घण टेकवून उभा होता. ‘भस्मगड’ हा आमचा खेळ. अल्ताफ पिंजारी, मी आणि आणखी दोघं असे चौघं नाशिकला कॉलेज रोडवर एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत बसून तीन वर्षं तो करत होतो. त्यातली चित्रं, गोष्ट, संगीत यांच्याशी माझा संबंध नव्हता. मी लढाया बसवायचे. राक्षस हात कधी उचलणार, किती वेळ उचलून धरणार, घाव कुठे पडणार आणि तेवढ्यात खेळणाऱ्याला बाजूला लोळण घ्यायला किती अवधी मिळणार, हे ठरवणं माझं काम. सोमवारी खेळ बाहेर पडायचा होता.

नानांनी सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून काम केलं होतं. पत्रा दाबणारी, घण मारणारी, कापणारी यंत्रं. कुणाचं बोट गेलं, कुणाचा हात भाजला, की नाना तिथे जाऊन अहवाल लिहायचे. त्यांच्या अहवालात शेवटचा रकाना असायचा, ‘दोष कोणाचा: कामगाराचा / यंत्राचा’. त्यांचं म्हणणं असं, की या रकान्यात काहीही लिहिण्याआधी एकच गोष्ट विचारायची. घाव पडायच्या आधी यंत्राने माणसाला काही सांगितलं होतं का? आवाज, थरथर, दिवा, काहीही. सांगितलं असेल आणि माणसाने ऐकलं नसेल, तर चूक माणसाची. यंत्र मुकाट्याने तुटून पडलं असेल, तर यंत्राची. एकदा साहेबांनी आधीच भरून पाठवलेल्या रकान्यावर सही करायला त्यांनी नकार दिला होता आणि त्याबद्दल दीड वर्ष गोदामात बसून काढलं होतं. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जात नसे. नुसती सांगितली जात असे.

निवृत्त झाल्यावर ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायला लागले. लोहासुराचा पहिला नमुना बघून म्हणाले होते, “घण असा हातानं उचलत नाही कुणी. आधी कंबर वळते, मग खांदा, हात सगळ्यांत शेवटी.” मी तसं करून बघितलं आणि त्या कागदी राक्षसाला अचानक वजन आलं. तेव्हापासून प्रत्येक राक्षस त्यांच्याकडून तपासून घ्यायचा, अशी पद्धतच पडली. कारखान्यात नवं यंत्र चालू करण्याआधी त्याच्यावर सुरक्षा अधिकाऱ्याचं हिरवं कार्ड लटकवावं लागे, ‘चालू करण्यास हरकत नाही’. नानांनी तसली कार्डं कापून आणली. राक्षसाला हरवायचं, आपण प्रत्येक वेळी कशाने मेलो ते रजिस्टरमध्ये लिहायचं आणि मग कार्डावर सही. आधी गंमत होती. पुढे अल्ताफनेच नियम केला, की काकांचं कार्ड नाही तर राक्षस खेळात नाही. ऑफिसच्या भिंतीवर अकरा कार्डं लागली होती. लोहासुराचं बारावं, शेवटचं, अडलं होतं.

“नाना, तो शेवटचा राक्षस आहे. थोडा अवघड नको का?”

“अवघड असू दे की. मी कुठे नको म्हणतोय?” त्यांनी उपम्याचा घास घेतला आणि चमचा बशीतच ठेवला. “पण हा दोनदा कंबर वळवून मारतो आणि तिसऱ्यांदा जमिनीवर आपटलेला घण तसाच उलटा फिरवतो. कंबर नाही, खांदा नाही. हे अवघड नाही, ही लबाडी आहे.”

“अल्ताफ म्हणतो, लोक शिव्या घालतील, पण परत येतील.”

“शिव्या घालून परत येणारा आणि शिव्या घालून निघून जाणारा, शिव्या दोघांच्या सारख्याच असतात. अल्ताफला कसा ओळखू येणार?”

“बरं, मग अजून एकदा खेळून बघा. माझ्यासाठी.”

“तुझ्यासाठीच चाललंय सगळं,” ते म्हणाले. “नाहीतर माझं लोहासुराशी वैर नाही. एकतीस वर्षं मी त्याच्याच जातीत काढली.”

ते खेळायला बसले. मी त्यांच्या शेजारी खाली बसले. पहिला घाव, लोळण. दुसरा घाव, लोळण. तिसऱ्याला नानांचा अंगठा बटणावर गेला आणि तलवारवाली बाजूला सरकली. घण रिकाम्या जागी आपटला. पाच-सहा मिनिटं ते असंच चाललं. मग लोहासुर गुडघ्यांवर बसला, त्याच्या छातीतला विस्तव विझला आणि पडद्यावर अक्षरं आली. मी ओरडले. आई हात पुसत बाहेर आली.

“जिंकले?”

“चौसष्टाव्या जन्मी!” मी म्हणाले. “नाना, कार्ड!”

नाना हसले नाहीत. ते बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

“केतकी, हाच लोहासुर सगळ्यांकडे जाणार?”

“हो नाना.”

“हाच? असाच?”

“असाच,” मी म्हणाले.

त्यांनी खिशातून पेन काढलं, हिरव्या कार्डावर तारीख घातली आणि सही केली. आपली नेहमीची, पूर्ण नाव असलेली. अरविंद नथू कोठावदे. कार्ड माझ्या हातात देताना म्हणाले, “घे. हरकत नाही.” दुपारी ते लवकर झोपले. संध्याकाळी एकदा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मी लॅपटॉपवरून मान वर केली, तर म्हणाले, “काही नाही. चहा घेणार का, आई विचारतेय.” आईने विचारलं नव्हतं. चहा त्यांनीच केला आणि साखर घालायला विसरले.

मी पुष्कळ वाचलेलं आहे. पुस्तकांत असा दिवस आला, की लेखक काहीतरी ठेवतो. दिवा फडफडतो, कुणाला खोकला येतो. त्या शनिवारी काहीही झालं नाही, असं मी पुढे सात वर्षं सांगत आले.

रविवारी आम्ही चौघंही ऑफिसात होतो. शेवटची प्रत चढवायची होती. साडेबाराला डबे उघडले तेव्हा अल्ताफचा फोन वाजला. तो फोनवर दोनच शब्द बोलला, “येतो, आलोच.” मग माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा बघून मी उठून उभी राहिले.

“केतकी, चल. काकांना दवाखान्यात नेलंय.”

“कुणी सांगितलं?”

“काकूंचा फोन होता.”

त्याच्या गाडीवर मागे बसून मी एवढाच विचार करत होते, की नाना पडले असतील, बाथरूम ओली असेल. फोन मला का नाही आला, हा विचार मला कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला आला. मग वाटलं, माझा फोन नेहमीप्रमाणे बंद असेल. मी तो काढून बघितला. चालू होता.

नाना आत होते. आई बाकड्यावर बसली होती, घरातल्याच साडीवर, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. डॉक्टर बाहेर आले. नानांच्या वयाचेच होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही मुलगी? हे बघा, रक्तस्राव झालाय. गुरुवारची तारीख ठरलेलीच होती, पण आता त्या अवस्थेत ते नाहीत. मी मार्चमध्येच म्हणालो होतो, थांबू नका.”

“कसली तारीख?” मी विचारलं.

डॉक्टरांनी आईकडे बघितलं. मग अल्ताफकडे. “ऑपरेशनची,” ते म्हणाले. “फाइल आणलीय ना?”

आईने पिशवीतून निळी फाइल काढली. ती शोधावी लागली नाही. घरातून दोन वेगळ्या चपला घालून निघालेली बाई फाइल बरोबर घेऊन आली होती. मी ती तिच्या हातातून घेतली. वर मेंदूच्या फिल्म होत्या. खाली कागद. पहिली तपासणी, अकरा मार्च. मेंदूत गाठ. दुसरी तपासणी, बावीस एप्रिल, गाठ वाढलेली. प्रत्येक कागदावर ‘सोबत आलेली व्यक्ती’ असा रकाना होता आणि त्यात अल्ताफची सही होती. अकरा मार्चला अल्ताफने मला सांगितलं होतं, की तो बँकेत चाललाय. बावीस एप्रिलला त्याच्या मामेभावाचं लग्न होतं. त्या लग्नातली बिर्याणी कशी होती, हे मी त्याला विचारलं होतं आणि त्याने सांगितलं होतं.

“किती जणांना माहीत होतं?” मी विचारलं.

आईने पिशवीचं तोंड बंद केलं.

“आई, किती जणांना?”

“आम्हा तिघांनाच,” आई म्हणाली. “त्यांनी शपथ घातली होती गं. तुझा खेळ बाहेर पडू दे, मग सांगू म्हणाले. सोमवारी संध्याकाळी सांगणार होते. जेवायला श्रीखंड आणायला सांगितलं होतं मला.”

नाना सोमवारी सकाळी गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. माझ्या हातात त्यांचा हात होता आणि तो माझ्या हातात आहे हे त्यांना कळलं नाही.

दहाव्याला गोदेवर अल्ताफ आला होता. लांब उभा होता. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आला.

“केतकी, एकदा बोल तरी.”

“अडीच महिने तू माझ्यासमोर बसून डबा खाल्लास.”

“काकांनी हात जोडले माझ्यापुढे. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. काय करायला हवं होतं मी?”

“माझे वडील मरणार आहेत हे मला सांगायला हवं होतंस.”

“ऑपरेशन होणार होतं ना! मरणार कुठे होते? सगळे बरं होईल म्हणत होते.”

“मग लपवलंत कशाला?”

तो नदीकडे बघायला लागला. “सोमवारचं पुढे ढकललंय,” तो म्हणाला. “तू म्हणशील तेव्हा खेळ बाहेर काढू.”

“काढ केव्हाही. मी येणार नाही.”

त्याने दोन आठवड्यांनी काढला. मी घरीच होते. पहिल्या चार दिवसांत लोकांनी चित्रांची स्तुती केली, संगीताची केली. मग एकेक जण लोहासुरापर्यंत पोहोचला. मी ते सगळं वाचलं. वाचायची मला गरज नव्हती, तरी वाचलं. एकाने लिहिलं होतं, ‘तिसऱ्या घावाची काहीच खूण नाही, नशिबावर खेळायचं असेल तर सोरट बरी.’ एकाने लिहिलं होतं, ‘अठ्ठावीस तास खेळलो, इथे सोडून दिला, पुन्हा उघडणार नाही.’ एका मुलीने लिहिलं होतं, ‘हा राक्षस ज्याने बसवला त्याला माणसं आवडत नसावीत.’ अल्ताफचा निरोप आला. ‘मला कळत नाही. काकांनी चौसष्टाव्या वेळी मारला होता ना? काकांचं कार्ड आहे आपल्याकडे. मग या पोरांना का जमत नाहीये?’ मी उत्तर दिलं नाही. महिन्याभराने खेळ कुणी विकत घेईना. ऑफिसच्या खोल्या दातांच्या डॉक्टरांनी स्वतःसाठी घेतल्या. अल्ताफ हैदराबादला नोकरीवर गेला.

मी इथेच एका छापखान्यात पुस्तकांची पानं लावण्याचं काम धरलं. आई आणि मी एकाच घरात राहत होतो. आमचं भांडण कधी झालं नाही. मी तिला दवाखान्यात न्यायचे, तिची औषधं आणायचे, ती माझा डबा भरायची. फक्त तिने काही सांगितलं, की मी ते दुसरीकडून खात्री केल्याशिवाय मानत नसे. ‘वाण्याकडे तूरडाळ नाही’ म्हणाली तरी मी जाऊन बघून यायचे. तिला ते कळत होतं.

गेल्या मे महिन्यात, एका सकाळी, आम्ही गच्चीवर कुरडया घालत होतो. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून आईने पातेलं वर आणलं होतं. ती सोऱ्या दाबत होती, मी प्लास्टिकचा कागद धरून पुढे सरकवत होते. आठ वाजायचे होते, पण ऊन चटके देऊ लागलं होतं.

“अल्ताफचा फोन आला होता,” आई म्हणाली.

“तुला?”

“मलाच करतो. दर दिवाळीला करतो. तुला आवडणार नाही म्हणून सांगत नाही.”

“हे पण नाही सांगितलंस.”

“सांगतेय ना आत्ता.” तिने एक कुरडई पुरी केली. “भस्मगड नव्यानं काढतोय म्हणे. माणसं मिळालीत त्याला. लोहासुर तूच नीट करावास असं त्याच्या मनात आहे. मला म्हणाला, काकू, तुम्ही बोलून बघा.”

“नाही म्हणून सांग त्याला.”

“सात वर्षं झाली, केतकी.”

“झाली ना. त्या अडीच महिन्यांत तुम्ही तिघं रोज माझ्याशी बोलत होतात. रोज. नानांना ऍसिडिटी झालीय, नानांना झोप लागली नाही, नाना पेन्शनच्या कामाला गेलेत. तू पोळी वाढता वाढता बोलायचीस. मला अजून कळत नाही, तुमची जीभ कशी वळायची?”

आईने सोऱ्या पातेल्यात ठेवला. “तिघं नाही,” ती म्हणाली. “चौघं.”

“चौथं कोण?”

“तू.”

मी तिच्याकडे बघितलं.

“त्यांना माहीत होतं,” आई म्हणाली. “तू त्यांच्या खेळातला राक्षस हळू केला होतास ते.”

खालच्या गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. मी कागदाचं टोक धरून बसले होते.

“कसं माहीत होतं?”

“दुसऱ्या तपासणीला नंबर यायला दोन तास लागले. अल्ताफ फॉर्म भरायला गेला होता, त्याचा लॅपटॉप यांच्याजवळ. हे बसले खेळत. घरी आल्यावर मला म्हणाले, नलू, अल्ताफचा लोहासुर वेगळा आहे. मी एका दमात नऊ वेळा मेलो. आपल्या घरातला सावकाश मारतो. तिसऱ्या घावाला तर लोळायला वेळसुद्धा देतो. केतकीनं माझ्यासाठी दुसरा केलाय.”

“मग मला का नाही विचारलं त्यांनी?”

“विचारलं की. शनिवारी. हात पुसत बाहेर आले ना मी, माझ्यासमोर विचारलं. हाच सगळ्यांकडे जाणार का म्हणून. दोनदा विचारलं. तू हो म्हणालीस.”

मी कागदाची सुरकुती काढली.

“तू ऑफिसात पळालीस कार्ड घेऊन आणि हे आत येऊन ओट्यापाशी उभे राहिले. म्हणाले, नलू, एकतीस वर्षांत केली नाही ती खोटी सही आज केली.”

“का केली मग?” माझा आवाज चढला. “ओरडायचं ना माझ्यावर! कार्ड फाडायचं! गोदामात बसायची तयारी होती त्यांची आणि माझ्यापुढे...”

“मी हेच म्हणाले. तर म्हणाले, तिनं जे केलं ते माझी गंमत करायला नाही केलं. कशासाठी केलं ते तिचं तिनं सांगू दे.” आईने पदराने कपाळ पुसलं. तिच्या मनगटाला चीक लागून वाळला होता. “तुला एक सांगू? मी तुला रोज खोटं सांगितलं, ते माझ्या डोक्यावर. अल्ताफनं सांगितलं, ते त्याच्या. पण हे तुझ्याशी एकदाही खोटं बोललेले नाहीत. आठवून बघ. ऍसिडिटी मी म्हणायचे. पेन्शनच्या कामाला गेलेत, मी म्हणायचे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी आपणहून सांगणार नाही, तिचं काम मोडेल. पण केतकीनं समोर बसून विचारलं, नाना, तुम्हाला काय होतंय, तर मी सांगणार. मला अडवायचं नाही.”

मी आठवून बघितलं. आठवायला फार वेळ लागला नाही.

“रोज वाट बघायचे,” आई म्हणाली. “तू आलीस की टीव्हीचा आवाज कमी करायचे. तू बोलायचीस लोहासुराबद्दल. मग रात्री मला म्हणायचे, आजही नाही विचारलं. मला बरं वाटायचं गं, आज निभावलं म्हणून. त्यांना वाटायचं नाही.”

पातेल्यातल्या चिकावर साय धरायला लागली होती. एरवी तिने ते थंड होऊ दिलं नसतं.

“मी इतकी वर्षं तुझं ऐकून घेतलं,” ती म्हणाली, “कारण मला वाटायचं, पोरीला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. आम्ही अंधारात ठेवलं. पण राक्षस हळू करायचं तुझ्या मनात कशावरून आलं, हे मला कधी उमगलं नाही. आज विचारते. तुला खरंच काही कळलं नव्हतं का?”

छापखान्यात पानं लावताना कुणाचे आकडे बघावे लागत नाहीत, म्हणून मी ते काम धरलं. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी कागदाचं टोक खाली ठेवलं. वाऱ्याने ते उलटलं आणि दोन ओल्या कुरडया मोडल्या. आईने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

“कळलं होतं,” मी म्हणाले.

“काय कळलं होतं?”

“राक्षसानं कंबर वळवल्यापासून खेळणाऱ्याचा अंगठा बटणावर पडेपर्यंत किती वेळ गेला, ते खेळ आपोआप टिपून ठेवतो, आई. प्रत्येक वेळचं. मी रोज ते आकडे बघायचे, तेच माझं काम होतं. फेब्रुवारीत नानांना अर्ध्या सेकंदाहून कमी लागायचा. एप्रिलमध्ये जवळजवळ दुप्पट. डाव्या हाताला त्याहून जास्त. म्हातारपणानं माणूस दहा आठवड्यांत इतका हळू होत नाही. मी दोनशे लोकांचे आकडे बघितले होते, कुणाचेच असे नव्हते. मी एकटीच घरात बसून बघत होते, रोज थोडे थोडे वाढताना.”

“मग?”

“मग मी लोहासुराला तेवढंच हळू केलं. नाना जेवढे हळू झाले, बरोबर तेवढं. दर आठवड्याला. म्हणजे रजिस्टरमध्ये फरक दिसणार नाही.”

“अगं, पण विचारायचं होतंस,” आई म्हणाली. ती आता रडत होती. “एका शब्दानं विचारायचं होतंस त्यांना. ते खोटं बोलले नसते.”

“मला ते माहीत होतं, आई,” मी म्हणाले. “म्हणूनच मी विचारलं नाही.”